आरे गावच्या राहीने आपल्या वाडीची व देहाची केलेली व्यवस्था

मी, राही कोम महिपत शिवलकर, वय सुमारे चाळीस, धंदा सुईणपणा, राहणार मौजे आरे, तालुका रत्नागिरी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून ठेवते. पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले आहे; डोकं ठिकाणावर आहे. लिहिणाऱ्यांनी 'कोम महिपत', म्हणजे महिपतची बायको, असं घातलं ते मला पसंत नाही. पण खाडाखोड दिसली की कोर्टाला संशय येतो, म्हणून राहू दिलं.

महिपतकडे सात वर्षं नांदले आणि माहेरी निघून आले. त्याने मला परत नांदायला न्यावं म्हणून दावा लावला. त्याच्या वकिलाने विचारलं, "हाड मोडलं होतं काय?"

"नाही."

"मग जुलूम कसला?"

मी म्हटलं, "मी नको म्हणायची, तरी तो ऐकायचा नाही."

लोक हसले. वकील म्हणाला, लग्न झाल्यावर नको म्हणायचा हक्क बायकोला उरत नाही. १९२१ साली हुकूमनामा माझ्याविरुद्ध झाला. तुरुंगात नेतील म्हणून गाठोडं बांधून बसले, पण बेलिफ आला तो म्हैस आणि तांब्याची भांडी घेऊन गेला. मी गेले नाही.

पुढे तीन वर्षांनी वडिलांनी हे घर व नारळाची वाडी मला रजिस्टर बक्षीसपत्राने दिली. ते माझं स्त्रीधन. मला मूल नाही; काही न लिहिता मेले तर सगळं महिपतकडे जाईल, असं मला सांगण्यात आलं आहे. त्याने दुसरी बायको केली, तरी माझ्यावरचा हुकूमनामा पेटीत जपून ठेवला आहे, तो उगाच नव्हे.

सबब घर व वाडी सखूला द्यावी. तिच्या नवऱ्याने जळक्या लाकडाने डागली तेव्हा ती माझ्याकडे आली. नऊ वर्षं माझ्याबरोबर बाळंतपणं करते. तिला कोणी ओढून न्यायला आलं तर तिला दार लावून घ्यायला स्वतःचं घर असावं.

महिन्याभरापासून महिपत आजारपण बघायला येतो, शहाळी आणतो. माझ्यासमोर फोडलेलं असेल तरच मी पिते. गेल्या मंगळवारी दुपारी ग्लानीतून जागी झाले, तर डाव्या अंगठ्याला शाई. सखू विहिरीवर गेली होती. तो म्हणाला, "काजळ लागलं असेल." मी काजळ घालत नाही. म्हणून जाहीर करते की माझ्या अंगठ्याचा कोणताही कागद निघाला तर तो खोटा. मी सही करते. तिशी उलटल्यावर शिकले, ती अशाच भीतीने.

मेल्यावर सवाष्ण म्हणून मला हिरवं लुगडं नेसवू नये, ओटी भरू नये. महिपतने खांदा देऊ नये. अग्नी सखूने द्यावा. भटजी येत नसतील तर त्यांच्यावाचून उरकावं.

दोघे साक्षीदार कुंपणाच्या भांडणावरून अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. मुद्दाम तेच निवडले. मिळून फितणार नाहीत.

हे लिहिणं चालू असता महिपत अंगणात आला. माणसं बसलेली पाहून थबकला. म्हणाला, "राही, आत येऊ काय?"

लग्नाला बावीस वर्षं झाली. त्याने पहिल्यांदाच विचारलं.

मी म्हटलं, "नको."

तो अंगणातूनच परत गेला. साक्षीदारांनी हे आपल्या कानांनी ऐकलं आहे, सबब नोंदवून ठेवलं.

मुक्काम आरे, तारीख १२ नोव्हेंबर १९३४

सही: राही, स्वहस्ते

साक्ष: धोंडू बाबाजी मयेकर
साक्ष: हरिश्चंद्र आत्माराम पिलणकर
लिहिणार: भिकाजी विष्णू जोगळेकर