गळवाल्यांचं जीवदान

भिंगार,
१८ मे १९७३

प्रिय सुनीती,

तुझं पत्र काल पोचलं. माझ्या दादानं नृसिंहाच्या स्थळाला नकार कळवला हे तू तीन ओळींत उरकलंस आणि पुढे पानभर लोणच्याच्या कैऱ्यांबद्दल लिहिलंस. अगं, मी तुझी आत्या आहे. कैऱ्यांनी मला फसवू नकोस. 'मुलगा बरा वाटला होता' असं तू मध्येच लिहून गेलीस. आतापर्यंत पाहायला आलेल्यांपैकी एकाला तू बोकड म्हणालीस, दुसऱ्याला मुनीम, आणि तो पुण्याचा इंजिनियर तर तुला शिळ्या इडलीसारखा वाटला होता. 'बरा' हा शब्द तुझ्याकडून मी पहिल्यांदाच ऐकला. आणि दादाचं म्हणणं काय, तर मुलगा चोर आहे, मासे चोरले म्हणून त्याला नगरच्या क्लबातून काढून टाकलंय. ब्राह्मणाचा मुलगा, छावणीच्या कचेरीत कारकून, आणि म्हणे मासे चोरतो! वाचून मी आधी हसले. मग इतकी संतापले की स्टोव्हवरचं दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही.

हा क्लब काय चीज आहे ते तुम्हा कर्जतकरांना ठाऊक नाही, म्हणून सांगते. नाव 'हौशी मत्स्यमृगया मंडळ'. नाव उच्चारतानाच धाप लागते. पूर्वी गोरे साहेब सोनओढ्याच्या तलावावर गळ टाकून बसायचे. साहेब गेले, त्यांच्या हॅटा तेवढ्या आमच्या लोकांनी उचलल्या. एक निवृत्त मामलेदार, दोन वकील, कॉलेजातले एक प्राध्यापक, कुठल्याशा साखर कारखान्याचे डायरेक्टर आप्पासाहेब, आणि चिटणीस कोण, तर तुझे आतोबा. हे मासा खात नाहीत, माशाला शिवत नाहीत, मासळीबाजारावरून जायची वेळ आली तर नाकाला रुमाल लावतात. पण रविवार उजाडला की खाकी हाफपँट, डोक्यावर हॅट आणि हातात माझा कणकेचा डबा. आमिषाला कणीक लागते ना! गव्हाची कणीक, त्यात हिंग आणि चमचाभर तूप. यंदा रेशनवर काय मिळतंय तुला माहीत आहे. तो लाल मिलो, त्याची भाकरी थापताना हातातच मोडते. आम्ही घरात मिलो गिळतो आणि तलावात तुपातली कणीक जाते. मी एकदा बोलले तर म्हणाले, "माशाला मिलो आवडत नाही." मला आवडतो असं कुणी सांगितलं यांना?

सरकारनं मंडळाला परवाना दिलाय, पण नियम घालून. हातभरापेक्षा लहान मासा ठेवायचा नाही, परत पाण्यात सोडायचा. नियम चांगलाच आहे. पण हात कोणाचा? यावर यांच्या सभांवर सभा झाल्या. आप्पासाहेबांचा हात आखूड, त्यांना अर्थातच स्वतःचाच हात हवा होता. शेवटी चिटणिसांचा हात प्रमाण धरायचा असं ठरलं. आता चिटणीस तर माशाला शिवत नाहीत. मग मासा गवतावर ठेवायचा आणि यांनी वीतभर वरून, सोवळ्यात, कोपरापासून बोटांपर्यंत हात आडवा धरायचा. असा अधांतरी धरलेला हात हवा तेवढा होतो. मासा आप्पासाहेबांचा असला की हातापेक्षा मोठा भरतो आणि जीपमध्ये जातो. तोच एखाद्या कारकुनाचा असला की लहान भरतो. मी एकदा डबा घेऊन गेले होते तेव्हा हा सोहळा माझ्या डोळ्यांनी पाहिलाय, उगाच सांगत नाही.

लहान ठरलेला मासा सोडून देण्याला आमच्याकडे 'जीवदान' म्हणतात. शब्द यांचा. आधी त्याच्या ओठातून गळ उपसायचा, तो फाटला तर फाटला. मग मोजणी. मग फोटो. मग प्राध्यापक त्याचं लॅटिन नाव सांगणार, मामलेदार त्यांना दुरुस्त करणार, आणि तोवर मासा उन्हात तडफडतोय. शेवटी त्याला पाण्यात भिरकावून सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. संध्याकाळी हे आंघोळ करून देवापुढे हात जोडतात आणि आज किती जिवांना जीवदान दिलं ते मला ऐकवतात. आमच्याकडे गोवऱ्या घालणारी छबूबाई तलावाकाठच्या भोयांच्या वाडीत राहते. एका सोमवारी तिच्या पाटीत गोवऱ्यांखाली मासे दिसले. मी म्हटलं, बाई, तिथे धरायला मनाई आहे ना? तर ती पदर सावरत म्हणाली, "चोरी न्हाई बाई. तुमच्या सायबांनी जीवदान दिल्यालं हाय. सोमवारी सकाळी पांढरी पोटं वर करून काठाला येत्यात. आमी फकस्त उचलतो." मी तिला चहा दिला. असं कोणी बोलल्याला फार दिवस झाले होते.

अंडी घालायच्या दिवसांत गळ बंद ठेवायचा असाही एक नियम आहे. मंडळानं तो पाळला, श्रावणात. का, तर श्रावणात कोणी खात नाही. मासेही आपल्यासारखाच श्रावण पाळतात अशी या शहाण्यांची पक्की समजूत! आणि वार्षिक स्पर्धा मात्र ऐन आषाढात, ओढ्याला नवं पाणी आलं की. तेव्हा पोटात अंडी घेऊन माद्या ओढ्याच्या तोंडाशी गोळा होतात, आणि प्राध्यापकांच्या मते "मासा त्या दिवसांत भोळा असतो." मागे एका सभेत नृसिंह उभा राहिला आणि ही स्पर्धा पुढे ढकला म्हणाला. तो बोलायला लागला की अडखळतो, कान लाल होतात, ते तू पाहिलंच असशील. मामलेदार म्हणाले, आधी तुम्ही एक तरी मासा धरून दाखवा. सगळे हसले. त्यात खोटं काही नव्हतं म्हणा. त्याच्या गळाला कधी काही लागलेलं मी ऐकलेलं नाही. त्याची दोरी कायम बाभळीत. मग तो जातो कशाला? त्याच्या आईची आणि माझी ओळख आहे. ती बाई अखंड बोलते. मला वाटतं तो शांत बसायला जातो.

यंदा तलाव आटत आटत आंब्याच्या दिवसांत नुसतं डबकं उरलं. सगळा मासा त्यात कोंडला. वाडीच्या जनावरांना पाणी तेवढंच. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडतायत, सरकारनं वाटलेल्या सुकडीवर दिवस काढतायत. मासे वर येऊन तोंडं उघडीत होते आणि आमच्या मंडळाला उकळ्या फुटत होत्या, कारण गळ टाकायचा अवकाश की मासा! मामलेदारांना मासा लागला, वकिलांना लागला, यांनासुद्धा लागला. तंबू ठोकले, ग्रामोफोन नेला. छबूबाईचा दीर गहिनीनाथ आमच्या दारात येऊन यांना म्हणाला, "सायब, मासं मरून कुजलं तर पानी नासंल. जनावरं कुठं न्यावी आमी? येक डाव जाळं टाकू द्या." हे म्हणाले, सभेपुढे ठेवतो. सभेत ठराव झाला की जाळं म्हणजे खेळाला काळिमा, मासे मंडळाचे आहेत, आणि भोयांनी काठाला फिरकू नये म्हणून एक राखणदार ठेवावा. गुडघाभर चिखलात अर्धमेल्या माशांपुढे कणीक धरायची, आणि त्याला म्हणायचं खेळ. थू!

त्यानंतर एके सकाळी नृसिंह कचेरीतून रजा घेऊन सायकलीनं तिथे गेला. राखणदाराला म्हणाला, मी मंडळाचा सभासद आहे, तू घरी जा. आणि गहिनीनाथला म्हणाला, टाका जाळी, कोणी विचारलं तर माझं नाव सांगा. स्वतःही पँट दुमडून चिखलात उतरला. थोडे मोठे मासे पिंपात घालून त्यानं एका खोल विहिरीत सोडायचा घाट घातला, बैलगाडीतून. त्यातले बहुतेक वाटेतच मेले. अक्कल कमी आहे त्याला, ते मी लपवणार नाही. पण वाडीनं पोटभर खाल्लं, उरलेलं वाळत घातलं, आणि पाणी राहिलं. मी परवा मुद्दाम छबूबाईबरोबर जाऊन पाहून आले. गढूळ आहे, पण त्याला घाण येत नाही. जनावरं पितायत. त्यानं स्वतः एक खवलासुद्धा घरी आणला नाही. आणला असता तर त्याच्या आईनं गाव गोळा केलं असतं.

पुढच्या रविवारी सभा आमच्या बैठकीत भरली. तलावावर जाऊन करणार काय? मी चहा करत होते, दार उघडंच होतं. यांनी विचारलं, जाळी टाकायला तुम्ही सांगितलंत का? तो म्हणाला, हो, मीच. पुढे म्हणाला, पाऊस झाला की सरकारकडून बोटुकली, माशांची पिल्लं, आणून सोडता येतील, मासे परत होतील, पण जनावरांना दुसरं पाणी कुठून आणायचं? वकिलांनी त्याला काढून टाकायच्या ठरावात 'मंडळाच्या माशांची चोरी' असे शब्द सुचवले, आप्पासाहेबांनी मान डोलावली, सगळ्यांनी हात वर केले. ज्यांच्या जीपमधून पोत्यांनी मासे गेले त्यांनी! पोरानं कप उचलला, स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवला, "येतो काकू" म्हणाला आणि गेला. त्याच्यामागे हे लोक पुढची सहल कुठे काढायची यावर भांडत बसले.

आता तुला प्रश्न पडेल, दादाच्या कानावर हे चोरीचं घातलं कोणी? दादानं रीतसर चौकशी केली, गं. गावातल्या जवळच्या माणसाकडे केली. मागच्या आठवड्यात हे कोर्टाच्या कामाला कर्जतला आले, तुझ्या हातची आमटी दोनदा मागून जेवले, आणि ओसरीवर पान लावता लावता माझ्या भावाला म्हणाले की मुलगा चोर आहे. माझा नवरा. घरी येऊन मला सांगताना यांचा चेहरा खुलला होता. म्हणाले, "उद्या तो जावई म्हणून येणार, आणि त्याला मी पाट मांडू?" इतक्या वर्षांत यांच्या पुष्कळ गोष्टींना मी हसून सोडलं. ही गोष्ट सोडणार नाही. सोमवारी सकाळच्या गाडीनं मी कर्जतला येते. यांना सांगितलेलं नाही. दादासमोर बसून सांगणार आहे की माझा नवरा खोटं बोलला. मग हे मला घरात घेतील की नाही, ठाऊक नाही. तू तेव्हा आत स्वयंपाकघरात थांबू नकोस, बाहेर येऊन माझ्याशेजारी बस. तुला तो नको असेल तर खुशाल नाही म्हण. कान मोठे आहेत म्हण, बोलताना अडखळतो म्हण, त्याची आई तुला बोलून बोलून मारील म्हण. पण नाही म्हणायचं तर तू म्हण. माझ्या नवऱ्याला तुझ्या वतीनं नाही म्हणू देऊ नकोस.

तुझीच,
अंबूआत्या