पाळण्याची केबल

रवि. ८ जाने. २००६, अंबरनाथ

गाडी आली. रेखाने बदलापूरहून एकटीने चालवत आणली. तिच्या भावाची जुनी व्हॅन, तो हिच्यातून केटरिंगची भांडी वाहायचा. आत अजून मसाल्याचा वास. गल्लीत वळवताना एक कुंडी फुटली, बाकी सगळं शाबूत. मी खिडकीतून बघत होतो. माझी बायको गिअर टाकतेय आणि मी व्हीलचेअरवर. दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर...

असो. कंपनीचं पक्कं झालं. फेब्रुवारीपासून पॅनल वायरिंग, टेबलाशी बसून. क्रेनच्या रुळावरून पडलो तेव्हा कंबरेखालचं गेलं, हात नाही गेले. वीस वर्षांचा इलेक्ट्रिशियन आहे, हे त्यांनाही माहीत आहे. अट एकच. मॅनेजर म्हणाले, "रोज तुम्हाला उचलायला दोन माणसं नाही देऊ शकत मी."

म्हटलं, लागणार नाहीत.

रिक्षात खुर्ची जात नाही, म्हणून ही गाडी. गाडीच्या मागच्या दारात पाळणा करायचा. खुर्चीसकट लोखंडी फळीवर जायचं, मोटर तारेच्या दोराने फळी वर ओढणार. बटण माझ्या हातात. कोणी हात लावायचा नाही.

शनि. १४ जाने.

संक्रांत. शेजारपाजारचे तिळगूळ द्यायला आले आणि पाळणाच बघत बसले. सुरेश वेल्डरने सांगाडा छान केलाय. बारवी धरणाच्या बाजूच्या गावचा माणूस, हात सोन्याचा, कान बंद. मोटर उल्हासनगरच्या भंगारातली, बंद गाड्या ओढून नेणाऱ्या जुन्या ब्रेकडाउन जीपची. बॅटरी पुढच्या सीटखाली, मोटर पार मागे. मधल्या अंतराला त्याने त्याच्याकडची पडीक केबल ओढली.

"सुरेश, बारीक आहे ही."

"दादा, येवरी पुरंल. ट्रक हाय का यो?"

चाचणीपुरती चालेल, असं वाटलं.

रवि. १५ जाने.

नाही चालली.

अर्धी उंची चढलो. मग मोटर कण्हायला लागली, वेग मेला, प्लास्टिक जळाल्याचा वास. रेखाने बॅटरीची वायर उपटली. मी मधेच, ना गाडीत ना जमिनीवर. सगळी गल्ली जमा. शेवटी चौघांनी खुर्ची धरून खाली घेतलं. एक जण म्हणाला, "सांभाळून रे, पोतं नाहीये." चांगल्या मनानेच म्हणाला.

सुरेश म्हणे मोटर कुचकामी. रेखा म्हणे फळी जड. मी म्हटलं, केबल. दुसरं काही नाही.

गार झाल्यावर सुरेशला मीटर धरायला लावला, फळी रिकामी ठेवून बटण जरा दाबलं. बॅटरीवर बाराच्या आसपास, मोटरवर आठ. बाकीचे व्होल्ट वाटेत सांडले. सांडतात तिथे उष्णता होते, म्हणून वास. मोटर बिचारी उपाशी होती.

मंगळ. १७ जाने.

पस्तीस स्क्वेअर मिलिमीटरची केबल पाहिजे. अंतर धरून हिशेब केलाय. पंचवीसमध्ये भागलं असतं कदाचित, पण कदाचितवर मी रोज दोनदा लटकणार नाही.

रेखा उल्हासनगरला गेली. जाण्याआधी तिला सांगितलं, बाहेरच्या जाडीला भुलू नकोस. रबर जाड आणि आत तांबं काडीएवढं, असा माल खूप असतो. टोक कापून बघ. तारा केसासारख्या बारीक आणि भरपूर हव्यात, म्हणजे वळते. एक तार ब्लेडने खरवड, आत पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम, वर नुसता तांब्याचा मुलामा.

दुकानातून फोन आला.

"तीन दाखवल्यात. पहिली सगळ्यात जाड."

"खरवड."

ब्लेडची खरखर. मग, "पांढरी."

मागून दुकानदाराचा आवाज. म्हातारा सिंधी माणूस, तिथे सगळे त्याला साईं म्हणतात. विचारत होता, गाडी कौनसी? किस काम के लिए? रेखा म्हणाली, "नवरा उचलना है." दुकानभर हशा, मला इथे ऐकू आला. मग साईंनी आधीच्या तिन्ही बाजूला सारल्या म्हणे. "तो भाभी, ये सब छोडो. आदमी लटकेगा इसपे." आतून वेल्डिंगची केबल काढून दिली, शुद्ध तांबं. टोकांना तांब्याची थिंबलं, बोल्टखाली बसणारी टोपणं, तिथेच प्रेसवर दाबून दिली. सुरेश हातोडीने ठोकणार होता.

रेखा घरी आली, खांद्यावर केबलचं वेटोळं. "अजगर आणलाय," म्हणाली. लालबुंद झाली होती उन्हाने. खूश होती पण.

गुरु. १९ जाने.

केबल बसली. बॅटरीजवळ मोठा फ्यूज, पत्रा ओलांडते तिथे रबराची नळी, घासू नये म्हणून. सुरेश गाडीखाली, मी खुर्चीवरून ओरडतोय. "दादा, तू खाली येऊन बघतोस का?" म्हणाला आणि जीभ चावली. मी हसलो. खरंच हसू आलं.

चढलो! पूर्ण. गाडीच्या आतून गल्ली बघितली.

जरा हळू चढतो. जुनी मोटर, तेवढं चालायचंच.

रवि. २२ जाने.

भांडण.

सकाळी लागोपाठ चढउतार केले. शेवटच्या फेरीला पुन्हा कण्हणं. रेखा पुढच्या सीटखाली हात घालून म्हणाली, "अहो, ही पट्टी तापलीये."

"कुठली?"

"काळ्या बाजूची. बॅटरीवरून पत्र्याला गेलीये ती."

म्हटलं, ती अर्थिंगची. परतीचा करंट गाडीच्या बॉडीतून जातो, सगळ्या गाड्यांना असंच असतं. तू त्यात पडू नकोस.

"जाताना हायवे आणि येताना पायवाट? हात लावून बघा."

"मला शिकवू नकोस."

ती आत निघून गेली. कुकरच्या शिट्ट्या. मी तसाच बाहेर, वर अडकलेला नाही पण अडकलेलाच.

मग मीटर लावला. ती पट्टी निगेटिव्ह बाजूला दोन व्होल्ट खात होती. मूळची बोटभर पट्टी, खाली गंजलेला पत्रा, वर रंग. एवढा मोठा हिशेब केला, पण परतीच्या वाटेचा केलाच नाही. तारा ओढायच्या खुशीत. वीस वर्षांचा इलेक्ट्रिशियन!

आत जाऊन सांगितलं, "तुझं बरोबर आहे. तेवढीच जाड परतीची पण लागेल."

"चहा घ्या," म्हणाली. मग, "साईंकडे उरली असेल. उद्या जाते."

गुरु. २६ जाने.

दुसरी केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट मोटरपर्यंत. पत्र्याच्या भरवशावर काही ठेवलं नाही. आता पाळणा असा चढतो की सुरेश पण गप्प. हात लावून बघितला, दोन्ही केबल गार. रेखालाही लावायला लावला. तिने मुद्दाम खूप वेळ ठेवला.

बुध. १ फेब्रु.

आनंदनगर, कंपन्यांची वसाहत. आमच्या गेटवर गाडी लागली. मॅनेजर वरच्या खिडकीतून बघत होते, मग खाली आले. वॉचमन धावत आला खुर्ची धरायला, त्याला म्हटलं, थांब. बटण दाबलं. फळी टेकली, मी चाकं फिरवून आत.

जुने लोक भेटले. एक जण जय भीम म्हणून हात हातात घेऊन उभाच राहिला, सोडेना. दिवसभर पॅनल. बोटं जरा बावरली सुरुवातीला, जेवणाच्या सुट्टीनंतर लागली कामाला.

संध्याकाळी मॅनेजर म्हणाले, "एक महिना बघू."

पक्कं म्हणाले होते. आता महिना. ठीक आहे.

रेखा न्यायला आलेली. तिला म्हटलं, सरळ घरी नको, बारवीकडे घे जरा. अपघातानंतर तिकडे गेलोच नव्हतो. धरणाच्या अलीकडे गाडी लावली, उतरलो. भात कापून झालेली कोरडी शेतं, लांब पाणी.

मग ती म्हणाली, "महिन्यानंतर नाही म्हणाले तर?"

"तर दुसऱ्या गेटवर. आनंदनगरात गेटं काय कमी आहेत?"

ती हसली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, हे मी खरंच म्हणतोय का ते. खरंच म्हणत होतो. निदान तिथे, त्या क्षणी तरी.

"चला, अंधार होईल," म्हणाली. आणि मला चढवायला नाही आली, जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली.