मुक्ताच्या दंडावरचे दाणे

रविवार, संध्याकाळ. राजाजीनगर, बंगळूर.

मुक्ताने साखरपुड्याचा बिनबाह्यांचा ब्लाउज आज परत कपाटात टाकला. कारण दंडावरचे ते बारीक, एकसारखे दाणे. मी भिंग लावून पाहिलं. सगळं स्वतः वाचून शिकलेला माणूस मी. घामोळं म्हणून मोकळा झालो.

"अप्पा, स्वल्प नीट बघा. प्रत्येक दाणा केसाच्या मुळाशीच आहे. तिथे मेलेली कातडीच साचते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घराण्यातून येतं."

मग तिने माझीच बाही वर सारली. तेच दाणे, तसेच एकसारखे! इतकी वर्षं मला कसे दिसले नाहीत? काय नजर पोरीची!

"तुमचेच आहेत होय? मग लपवायचे कशाला!" म्हणत तिने ब्लाउज बाहेर काढला.

इस्त्री मी केली. एक चुणी ठेवली नाही.