पाटे, बुश आणि मागची सीट

रवि. २ नोव्हें. २००३
भंगारवाला येऊन गेला. ह्यांनीच फोन करून बोलावलेला, मला न विचारता. गाडीला एक चक्कर मारून वर आला. "मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटलाय, एक्सल घुंघुं करतो. वजनावर घेईन." हे पलंगावरून हो म्हणाले. मी नाही म्हटलं. तीस तारखेला ये, तोवर नीट झाली नाही तर घेऊन जा, असं सांगून त्याला जिन्यापर्यंत पोचवलं.
मग भांडण. मग अबोला.

सोम. ३
जूनमध्ये ह्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून घरी आणलं ते ह्याच गाडीतून, मी चालवत. एव्हरशाईन कॉलनीच्या अलीकडच्या वळणावर खड्डा, मागून धाडकन आवाज, पाटा तुटला. हे जे ओरडले ते अजून कानात आहे. त्या दिवसापासून जिना उतरलेले नाहीत. डॉक्टर म्हणतात मणका बरा आहे, फिरा, गाडीत बसा. हे म्हणतात, "बघू." ह्यांचं बघू म्हणजे नाही.
कंपनीतल्या सगळ्या मशिनी ठीक करणारा माणूस. घरच्या गाडीचे पाटे ढिले झालेत हे ऑपरेशनच्या आधीच कळलं होतं, रविवारी करू म्हणत राहिले. त्याची लाज खातेय त्यांना. बोलणार मात्र नाहीत.
मी करणार. ठरलं.

गुरु. ६
शाळेचं ऑफिस सुटल्यावर ह्यांची पान्यांची पेटी खाली नेली. ह्यांनी बघितलं, कूस बदलली.
पंधरा वर्षं दर रविवारी मी ह्यांना गाडीखाली पाने दिलेत. कुठल्या नटाला कुठला पाना, झोपेत सांगेन. चाकामागचा ड्रम निघाला, चार नट निघाले, एक्सल ढिम्म. मग आठवलं. चाक उलटं लावून दोन्ही हातांनी झटके द्यायचे. सातव्या झटक्याला एक्सल बाहेर आणि मी मागच्या मागे पडले. वॉचमन हसला. हसू दे.

शनि. ८
एक्सल जुन्या साडीत गुंडाळून रिक्षाने वालीवला. नारायणदादांचं वर्कशॉप. हे नेहमी त्यांच्याकडेच जायचे.
"वहिनी, एक्सल कुनी काढला?"
"मी."
"आनि साहेब?"
"झोपलेत."
दादांनी एक्सल फिरवून बघितला. प्रेसवर घुंघुं करणारं जुनं बेअरिंग काढलं, नवं बसवलं. पाट्यांचा जोड आणि त्यांच्या टोकांना बसणारे रबराचे बुश बांधून दिले. "मंग बसवाल पन तुमीच," म्हणाले. विचारलं नाही, सांगितलंच.

रवि. ९
पाटा उचलायला वॉचमन. बाकी मी. गाडी जॅकवर, खाली लाकडी ठोकळे. नवे बुश बसले, पान्याला पाइप लावून सगळे नट जीव खाऊन आवळले. कंबर गेली.
काम संपत आलं की हे नेहमी म्हणायचे, "दमलीस. मागच्या सीटवर बस जरा." पंधरा वर्षांत लाडाचं बोलणं ते एवढंच. आज कुणी म्हटलं नाही. गाडी खाली घेतली आणि मी आपली आपणच जाऊन बसले.

बुध. १२
नंदाखाल गावापर्यंत जाऊन आले. घुंघुं बंद. वेलची केळ्यांची फणी आणली. "गाडी मस्त चालतेय," म्हटलं. हे केळं सोलत म्हणाले, "हं."

शुक्र. २१
तीन दिवस मागून कुईं कुईं. आज वाकून बघितलं, बुशचं रबर फाटून बाहेर आलंय. नवंकोरं. गाडीत बसून रडले. राग स्वतःचा, ह्यांचा, रबराचा.
वर आले तर हे खिडकीशी उभे.
"हवेत आवळलेस ना?"
"म्हणजे?"
"गाडी जॅकवर असताना नट आवळलेस. पाटा लोंबत असतो तेव्हा. खाली घेतली की रबर पिळवटतं, फाटणारच. आधी हाताने लावायचे, गाडी चाकांवर घ्यायची, मागे माणूस बसवायचा, मग आवळायचे."
"मला कधी सांगितलंत?"
"सांगायचं काय? तूच तर बसलेली असायचीस मागे."
मला कळायला जरा वेळ लागला.
"म्हणजे ते दमलीस म्हणून नव्हतं?"
खिडकीतून खाली गाडीकडे बघितलं. मग म्हणाले, "दमायचीस पण."

शनि. २२
पंधरा वर्षं मी वजन होते! पोतं टाकलं असतं तरी चाललं असतं. भाजीत मीठ दोनदा पडलं. संताप येतो आणि मध्येच हसू येतं. आज हे जेवायला टेबलाशी आले, स्वतःहून. "खारट आहे," म्हणाले. खाल्लं पण.

गुरु. २७
वालीवहून दुसरे बुश. दादा म्हणाले, "फाटले? साहेबानला इचारायचं व्हतं." विचारायची सोय असती तर!

रवि. ३०
सकाळी सातपासून खाली. बुश बसवले, नट फक्त हाताने. गाडी चाकांवर घेतली. वर जाऊन म्हटलं, "माणूस हवा मागे."
"वॉचमनला बसव."
"तो काटकुळा. अंगावर किलोभर मांस नाही. तुम्ही चला."
"बघू."
मी वाद घातला नाही. खाली येऊन चाकाशी बसले, पाना मांडीवर. साडेनऊ. दहा. भंगारवाला अकराला येणार.
दहा वाजून वीस मिनिटांनी जिन्यात चपला वाजल्या. एक पायरी, थांबा, एक पायरी. वर बघितलं नाही. बघितलं असतं तर परत फिरले असते. मागचं दार उघडलं, गाडी दोन बोटं खाली बसली.
मी आवळायला घेतलं. आतून आवाज, "अजून अर्धा फेरा. बास." चारी बुश झाले. "उतरा आता," म्हटलं.
उतरले नाहीत. हाताने धरायचा पट्टा घट्ट धरलेला. म्हणाले, "त्या वळणापर्यंत. हळू ने."
किल्ली वर राहिली म्हणून धावत आलेय. वहीच्या पानावर ग्रीस लागलं. खिडकीतून भंगारवाल्याचा टेम्पो दिसतोय, फाटकात थांबलाय. मागचं दार अजून बंद आहे. हे आत आहेत.
मी निघाले.