गाडीचा डावा डोळा

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

दुबई, रविवार दुपार

तीर्थरूप वन्सं यांना अपर्णाचा वाकून नमस्कार. (वाकण्याची आता इतकी सवय झाली आहे की तुमच्या पायांपर्यंत पोचायला मला काहीच कष्ट नाहीत. का, ते पुढे येईलच.) नव्या तेलाने गुडघ्याला उतार पडला का ते कळवावे. भाऊजींचा खोकला, गाभण गाय आणि गळकी पडवी, तिन्ही मार्गी लागली असतील अशी आशा करते. इकडे आम्ही तिघं खुशाल आहोत. चौथी गाडी. तीही कालपासून खुशाल आहे, आणि तिच्यापायीच हे पत्र.

फोन न करता पत्र का लिहिलं असं वाटेल. तुमच्याकडे फोन लागला की तो स्पीकरवर पडतो, आणि मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत अर्धी वाडी माझी तब्येत विचारते. काही गोष्टी अर्ध्या वाडीला सांगण्यासारख्या नसतात. यांचे इथले दोस्त मुनीरभाई, त्यांच्या बायको हव्वाबी भाचीच्या लग्नाला रत्नागिरीला निघाल्या आहेत, त्या तिथून पत्र पोस्टात टाकतील. इथून पाठवायचं म्हणजे निष्कारण दिर्हम जातात. तिथे पाच रुपयांत काम होतं, आणि ते पाच रुपये मी त्यांना आधीच देऊन ठेवले आहेत.

जत्रेला तुमचे बंधू आले नाहीत म्हणून तुम्ही रागावलात, ते बरोबरच होतं. त्यांनी तुम्हाला ‘रजा मिळाली नाही’ असं सांगितलं. वन्सं, रजा मिळाली होती. चांगली पंधरा दिवसांची मिळाली होती. ते पंधराही दिवस त्यांनी एका गाडीखाली पाठीवर निजून काढले.

ही गाडी म्हणजे जपानी, दोन दारांची, दोनच माणसांची, आमच्या ईरापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. मुळात लाल, पण इथल्या उन्हाने गच्चीवर विसरलेल्या मिरच्यांसारखी पांढुरकी पडलेली. चार हजार दिर्हम, म्हणजे आपले नव्वद हजारांच्या वर. या किमतीत गावच्या घराला पुढची ग्रिल बसून वर रंग झाला असता. यांना चाळीस वर्षांपूर्वी सावंतवाडीला कुणा पाहुण्याच्या अशा गाडीत मोती तलावाला एक फेरी मिळाली होती म्हणे. (तुम्हालाही मिळाली होती का? त्यांच्या सांगण्यात तुम्ही रडत रस्त्यावर उभ्या होतात.) कंपनीत हे स्टोअरकीपर, अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचा हिशोब ठेवतात. पान्याशी आजवर संबंध म्हणजे पाना कुणी नेला आणि परत केला की नाही, एवढाच. पण यूट्यूबवर एक गोरा माणूस सगळं करून दाखवतो, आणि तो करतो तेव्हा फार सोपं दिसतं. ईराला वाटलं होतं मी रागावेन म्हणून तिने आधीच सांगून टाकलं, “मम्मा, इट्स नॉट ओल्ड, इट्स क्लासिक.” मी म्हटलं, तसे तुझे पप्पाही क्लासिकच आहेत, त्यांना मी अजून लाल रंग द्यायला काढलं नाही.

विकत घेतली तशी वापरली असती तर एक वेळ चाललं असतं. पण त्या गोऱ्या माणसाने स्वतःची गाडी जमिनीला टेकवली होती, म्हणून यांनीही स्प्रिंगा बदलून ती तीन बोटं खाली आणली. आता साडी नेसून त्यात बसायचं म्हणजे आधी दारावर पाठ टेकायची, मग देवाचं नाव घेऊन स्वतःला सोडून द्यायचं. उतरताना एकादशीला लोटांगण घालतात तसं. नंतर सायलेन्सरमधली कसलीशी नळी काढली, तेव्हापासून ती म्हशीच्या घशात शंख अडकल्यासारखी ओरडू लागली. आणि दिवे. हिचे दिवे डोळ्यांसारखे पापणी उघडून वर येतात, काम झालं की मिटतात. त्यातला डावा वर यायचा, दोन घटका थांबायचा आणि पुन्हा मिटायचा. सिग्नलला शेजारच्या मोठ्या गाडीतल्या एका अरबी बाईंना तिने असा डोळा मारला. बाईंच्या ड्रायव्हरने काच खाली घेतली, तर यांनी घाबरून स्टिअरिंग सोडलं आणि हात जोडले.

आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगात गाडी खोलायला परवानगी नाही, म्हणून ती गेली अल क्वोजला मुनीरभाईंच्या गोडाऊनात. मुनीरभाई मूळचे राजापूरचे, बंद पडलेल्या हॉटेलांचे फ्रीज नि भांडी घेऊन विकतात. गाड्यांतलं त्यांना यांच्याएवढंच कळतं, पण हौस दुप्पट. खर्चावर लक्ष राहावं म्हणून रजेत मीही रोज बरोबर जाऊ लागले. (नाहीतरी दुपारची पोथी घरी वाचली काय नि बिर्याणीच्या उलट्या डेगीवर बसून वाचली काय, देवाला सारखीच.) पहिल्याच दिवशी पाहिलं तर दोघं इंजिन खोलताहेत आणि नटबोल्ट एकाच परातीत टाकताहेत, चकलीच्या भाजणीचं धान्य मिसळावं तसे. माझ्याच्याने ते बघवेना. मी घरून फ्रीजरच्या पिशव्या नेल्या, आणि ज्या दिवशी जे निघेल ते पिशवीत घालून वर त्या दिवसाची तिथी लिहायला लागले. तारीख नाही लिहिली, तिथीच लिहिली, कारण मनात तीच असते. प्रतिपदेला वरचं झाकण, द्वितीयेला पट्टे, असं करत द्वादशीपर्यंत इंजिन रिकामं झालं. जोडताना उलटं यायचं. “वहिनी, त्रयोदशी नाही ना काही? मग द्वादशी द्या,” असं मुनीरभाई दोन दिवसांत बोलायला शिकले. (एकादशीच्या पिशवीत दोनच बोल्ट होते. उपासाच्या दिवशी बेताचंच.)

अष्टमी बसली. मग यांना सप्तमीची पिशवी सापडेना. त्या दिवसांत माझ्यावर यांचा राग होता, मी सायलेन्सरला म्हैस म्हटलं म्हणून, त्यामुळे मला न विचारता दोघांनी शोध सुरू केला. डेगी हलवल्या, गोण्या झटकल्या, शेवटी ओळीने फ्रीज हलवले. इंजिनात राहिली असेल म्हणून बसवलेली अष्टमी नि नवमी परत काढली. दोन दिवस गेले, रजा संपली, आणि मग एका संध्याकाळी यांनी मला, भिंतीकडे बघत, सप्तमीबद्दल विचारलं.

मी म्हटलं, “त्या पंधरवड्यात सप्तमीचा क्षय होता. सप्तमी उगवलीच नाही, तर तिचे बोल्ट कुठून येतील?”

यांनी कॅलेंडर पाहिलं. मुनीरभाई एका फ्रीजवर बसले, कंबर धरली, आणि यांना एवढंच म्हणाले, “मुरलीशेट, अकरा फ्रीज.”

तर तुमची जत्रा अशी गेली.

पुढे शनिवार-रविवार करत गाडी सुरू झाली आणि वर्षाच्या पासिंगला नेली. तपासणारा भला माणूस होता, पण आत बसला तसा दिसेनासा झाला, आणि परत आला तो कागद भरूनच. गाडी खाली, आवाज वर, डावा दिवा बंद. नापास. मी तर दहावीला एका दमात पास झालेली बाई, त्रेपन्न टक्के. त्याच संध्याकाळी दिवेलागणीला मी यांच्या हातात नारळ दिला आणि रवळनाथाच्या तसबिरीपुढे शपथ घ्यायला लावली की एकूण तीन खेपा, तिसऱ्यांदा नापास झाली की गाडी शारजाच्या भंगारात. यांनी शपथ घेतली, पण नारळ हातात असा धरला की जणू गाडीची चावीच परत करताहेत. दुसऱ्या खेपेला उंची बरोबर निघाली, आवाज माणसात आला, पण डावा डोळा मिटला. नापास.

काल तिसरी खेप. वाटेत यांनी कबूल केलं की त्यांनी फोनवर तुमच्याकडून देवाला गाऱ्हाणं घालून घेतलं होतं, पास झाली तर नारळांचं तोरण. पासिंगला पोचलो, रांगेत उभे राहिलो, हे टोकन आणायला खिडकीवर गेले. जाताना डावा दिवा मिटलेलाच होता, ते त्यांनी पाहिलं होतं आणि मीही. परत आले तर दोन्ही दिवे टक्क उघडे. वन्सं, माणूस भर रांगेत चपला काढून गाडीला हात जोडून उभा. मागच्या पठाण ड्रायव्हरला काही कळेना, पण त्यानेही टोपी सारखी केली. दिवे शेवटपर्यंत मिटले नाहीत. गाडी पास झाली, नवी मुलकिया, म्हणजे वर्षभराचं रजिस्ट्रेशनचं कार्ड, हातात मिळालं. घरी येताना पुलावर यांनी गाडी हळू केली. मग म्हणाले, “अपर्णा, देव आहे.” मी म्हटलं, आहे.

पण देव आहे म्हणून गाडी ठेवावी असं होत नाही. पास झालेल्या गाडीला गिऱ्हाईक चांगलं मिळतं. आमच्या ईराला हिच्यात जागा नाही, माझे गुडघे हनुवटीला लागतात, आणि यांचं वय चौपन्न आहे. तुम्ही वडीलधाऱ्या, तुमच्या शब्दाबाहेर ते नाहीत. तेव्हा दोन ओळी खरमरीत लिहून, हौस झाली, आता गाडी विकून मोकळा हो, असं त्यांना कळवावं. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गाभण गाय व्याली की वासराचं नाव ईराला विचारून ठेवावं, ती ‘क्लासिक’ म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नये.

तुमची भावजय,
अपर्णा

ता. क. पत्र यांनी वाचलं. फ्रीजपाशी हसले, म्हशीपाशी रागावले, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचून पाकीट आणायला दुकानात गेले. तेवढ्यात घाईने लिहिते. विकण्याबद्दल त्यांना एक अक्षरही लिहू नका. ते मी त्यांनी वाचावं म्हणून लिहिलं आहे. कौतुक केलं असतं तर दुसरी आली असती. मुनीरभाईंनी एक पिवळी बघून ठेवली आहे.

ता. क. दुसरा. तुम्हाला ठाऊक आहे आणि यांना नाही, की गाऱ्हाणं मीही घातलं होतं. गाडी नापास होऊ दे, तोरण देईन. भावाचं आणि भावजयीचं, एकमेकांविरुद्धची दोन्ही गाऱ्हाणी तुम्ही एकाच सोमवारी, एकाच गुरवाकडून, एकाच देवाला घातलीत, दोघांनाही कळू दिलं नाहीत आणि प्रसादाचे दोन दोरे एकाच पाकिटात पाठवलेत. माझी तक्रार नाही. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. यांचा दोरा गाडीच्या आरशाला आहे. माझा मनगटावर होता.

होता. काल हे टोकन आणायला गेले तेव्हा देवाने माझं ऐकलेलं होतं. मला नुसतं गप्प बसायचं होतं, आणि वन्सं, आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसल्याने माझं काम होणार होतं. पण त्या इंजिनावरची प्रत्येक पिशवी माझ्या अक्षरात आहे. गोडाऊनात दोन मोठे पुरुष माझ्या शब्दाशिवाय एक बोल्ट उचलत नाहीत. मी केलेलं काम दुसऱ्या माणसाने लाल पेनने खोडावं, हे मला शेवटच्या क्षणी सोसेना. मी उतरले (लोटांगण घालूनच), झाकण उघडलं. दिव्याचा दांडा मोटरला जिथे अडकतो तिथलं रबर उन्हाने भुगा झालं होतं, म्हणून तो निसटायचा. मनगटावरचा दोरा सोडला, त्या खाचेत सात वेढे देऊन घट्ट बांधला, आणि हाताने दिवा उचलला. उभा राहिला. हे यायच्या आत मी पदर सावरून आत बसले होते.

आता यांना वाटतंय देवाने केलं, आणि दोरा देवाचाच, त्यामुळे मला त्यांना खोटंही म्हणता येत नाही. पण नापास होऊ दे म्हणून बांधलेल्या दोऱ्याने मी गाडी पास केली, आणि ते मनात टोचतं. तेव्हा मनगट रिकामं दिसायच्या आत एक नवा दोरा हव्वाबी परततील तेव्हा त्यांच्या हाती द्या, आणि यांना न कळवता गुरवाला कौल लावायला सांगा, मला दोष लागला का म्हणून. नाही लागला तर देवाला लावलेल्या पाकळ्यांतली उजवी पडू दे, असं नीट सांगून लावायला सांगा. उजवी पडली तर लगेच कळवा. डावी पडली तर कळवू नका. गुरवाला चहा पाजा, भजी द्या, आणि थोडं थांबून पुन्हा विचारा.