सासूबाईंची झाकणं

गुरुवार, दिवेलागणीला

शेळगावात येऊन मला दोन वर्षं झाली, पण आमच्या फळीवर एवढी स्टीलची झाकणं का, ते आज कळलं. त्यातलं एकही कुठल्या पातेल्याला बसत नाही. मी आपली समजत होते, सासूबाईंना हौस!

आज दोघी बारामतीला बाजाराला गेलो. एसटीतनं उतरल्या उतरल्या मी उसाचा रस प्यायले, सासूबाई नको म्हणाल्या. तासाभरात माझी पंचाईत. बायकांचं शौचालय कुठं दिसेना. एक सापडलं, तर त्याला कुलूप. विचारायचं तरी कुणाला? अगदी रडकुंडीला आले. सासूबाईंनी माझा हात धरला आणि थेट एका भांड्यांच्या दुकानात नेलं. मालकिणीला म्हणाल्या, "एक झाकण दाव. आन् हिला जरा मागं जाऊ दे."

मी परत आले तोवर झाकण पिशवीत.

मी सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, तुम्ही नाही जात?"

"मी बाजाराच्या दिशी पाणीच पीत न्हाय."

घरी आल्यावर उभ्याउभ्या दोन तांबे पाणी प्यायल्या. मग फळीवरची झाकणं दाखवत गेल्या. हे थोरल्या लेकीचं, पोटुशी होती तवाचं. हे जावेचं. हे शेजारच्या काकूंचं. "आन् हे तुजं."

मी मोजली, नऊ झाकणं. त्यांचं स्वतःचं एकही नाही.

पुढच्या गुरुवारी त्यांना रस पाजणार. कितीही नको म्हणू देत. झाकण मी घेईन.