अंग जागं होताना

कार्तिक वद्य ५, शके १७८५. अमरावती

मायनं भरीत केलं होतं. "कसं झालं?" म्हणाली. "चांगलं." — खोटं बोललो. चव लागलीच नाही. मीठ होतं, मिरची होती, वर तेलाची धार होती, आणि तोंडात नुसता कोमट लगदा. ताप नाही, पोट साफ. तरी हे असं दोन वर्षं चाललंय!

जेवणाचंच असतं तर एक वेळ चाललं असतं. सगळं तसंच. समुद्रापलीकडे कुठे लढाई चालू आहे म्हणे, म्हणून आपल्या कापसाला असा भाव. गाव नुसतं उधळलंय. बैलांच्या गळ्यात नवे घुंगरू, रोज कुणाच्या तरी दारी तमाशा. बाबांनी भाजीचा मळा मोडून कापूस पेरला. आम्ही जातीचे माळी, पण आता बाबांना, नत्थुजी माळ्याला, लोक शेठजी म्हणतात, आणि त्यांना ते फार गोड लागतं. मला पंतोजीकडे दोन अक्षरं शिकवली होती, म्हणून साहेबाच्या वखारीत कापूस तोलायच्या काट्यावर बसवलं. वय बावीस. काय कमी आहे? काही नाही. आणि मी हे सगळं दुसऱ्याच्या लग्नात आल्यासारखा बघत बसतो.

वच्छला दिवाळीला अकोल्याला माहेरी गेली ती अजून आली नाही. जाताना म्हणाली — "तुमी मायाकडं पाह्यता, पन तुमाले मी दिसून राह्यली काय?"

तिची आठवण येते का? येत नाही. यावी असं फार वाटतं. तिच्या जोडव्यांचा आवाज मला आवडायचा. आवडायचा हे माहीत आहे — अकोला मावळतीकडे आहे हे माहीत आहे, तसं.

कार्तिक वद्य ६

आज काही नाही.

कार्तिक वद्य १०

मायनं वखारीतून ओढूनच नेलं, रामराव वैद्यांकडे. तिला वाटतं बाहेरची बाधा आहे. वैद्य म्हातारे, एका कानानं बहिरे, म्हणून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलतात. नाडी धरली, जीभ पाहिली, डोळे ताणून पाहिले आणि ओरडले —

"अफू कवापासून खाते?"

मायनं माझ्याकडे पाहिलं. वखारीत रुईच्या तुसांनी खोकला लागतो. सगळेच गोळी घेतात. मीही घेतो. तिला सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी असं काही विचारलं की मला वाटलं गंमत करतात. जेवतो कुणाबरोबर? — एकटाच, वखारीतून आल्यावर. उजाडताना कुठे असतो? — अंथरुणात. मोठ्यानं शेवटचा कधी हसला? — आठवेना. मी आठवत राहिलो आणि ते थांबून राहिले. इतका वेळ माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं.

"एखादी पुडी तरी द्या," माय म्हणाली.

"पुडी नाई! अफू सोड. तांबडं फुटाच्या आंदी उठ. एकटा जेवू नको. अन् रोज एक काम हातानं कर, वखारीचं नोहे असं. कोनतं ते मले नाई मालूम, आपन धुंडू. अन् आईक, हे तुयं औषध हाय. शेजाऱ्याले देशीन तं त्याले जुलाब होतीन!"

माय हसली. मी हसल्यासारखं केलं.

मार्गशीर्ष शुद्ध २

अंग मोडून येतं. नाक वाहतं. शालिकराम माझ्याशेजारी काट्यावर असतो — त्यानं गोळी पुढे केली. "घे ना बे, कोन पाहून राह्यलं?" घेतली नाही. सरकीच्या ढिगाआड जाऊन मुठी आवळून उभा राहिलो. अफू होती तेव्हा निदान काही वाटत नाही हे तरी वाटत नव्हतं.

मार्गशीर्ष शुद्ध ९

वैद्य म्हणाले म्हणून रोज भजनाला जातो. टाळ धरून बसतो. शेजारच्या माणसाचे डोळे भरून येतात आणि माझ्या मनात — घरी कधी जाऊ! आज वैद्यांना सांगितलं. वाटलं रागावतील.

"मंग भजन तुयं नोहे. टाक. आखाड्यात जाऊन पाह्य."

मार्गशीर्ष शुद्ध १३

आखाडा माझा नोहे. खांदा निखळला.

मार्गशीर्ष वद्य १

खांद्याला लेप लावता लावता वैद्य म्हणाले, "लहाना होता तवा काय आवडे तुले?"

"पाणी," मी म्हटलं. आधी तोंडातून निघालं, मग मलाच कळलं.

कापसाच्या आधी आमचा सगळा मळा भाजीचा होता. बाबा विहिरीवर मोट हाकायचे आणि पाटाचं पाणी वाफ्यांत वळवायचं काम माझं. एक वाफा भरला की खोऱ्यानं माती ओढून त्याचं तोंड बंद करायचं, पुढचा फोडायचा. पाणी पुढे धावणार, मी त्याच्या मागे. बाबा मोटेवर गायचे! हेही विसरलो होतो. हल्ली ते गात नाहीत, हिशेब सांगतात.

मळा गेला. पण विहिरीजवळ मायनं हट्टानं चार वाफे ठेवलेत — वांगी, मेथी, कोथिंबीर. माय घागरींनी पाणी घालते. मोट गोठ्यात वाळत पडली आहे.

मार्गशीर्ष वद्य ४

मोट चांभाराकडून शिवून आणली. बाबा म्हणाले, "चार वाफ्यायसाठी बैल जुपतं? लोक हासतीन." हसू देत.

मार्गशीर्ष वद्य ५

अंधारातच उठलो. पाणी वळवलं. पाय गार पडले.

बरं वाटलं का? माहीत नाही. गार वाटलं, एवढं खरं.

मार्गशीर्ष वद्य १२

सकाळी पाणी झालं की बांधावर मायबरोबर भाकर खातो. एकटं जेवायचं नाही म्हणून. बावीस वर्षांत तिला असं शेजारी बसून जेवताना मी पाहिलंच नव्हतं! ती बोलत राहते. लग्न होऊन आली तेव्हा नऊ वर्षांची होती. गोठ्याच्या मागं जाऊन रडायची. एक गाय होती, ती हात चाटायची, तेवढंच आपलं माणूस.

"मग कुणी विचारलं नाही तुला?"

"कोन विचारते बापा? सासरी पोट्टी रडतेच."

वच्छला कुठं रडायची? आमच्या गोठ्यात तर गायही नाही, नुसते बैल.

पौष शुद्ध ७

वखारीत आज दोनदा हसलो. शालिकरामनं विचारलं, "काहून रे, गुप्तधन गावलं काय?" काही नाही, गाडीवान झोपेत बैलाला बायकोच्या नावानं हाका मारत होता.

पौष शुद्ध ११

चव आली!!

शेतावर हुरडा भाजला होता. मायनं तळहातावर चोळून दिला, वर लसणाची चटणी. तोंडात टाकला आणि — तिखट! गोड! दूधभरला दाणा दातांखाली फुटतो, तो फुटला! मी ओरडलोच. मायच्या हातातलं सूप पडलं.

आणि त्याच क्षणी वच्छला. मागच्या पौषात तिनं असाच हुरडा माझ्यापुढं केला होता. फुंकर मारून. तिचे ओठ काळे झाले होते राखेनं. मी नको म्हणालो होतो. छातीत असं काही आलं की बसवेना. विहिरीकडे जाऊन उभा राहिलो.

पौष शुद्ध १२

वैद्यांना म्हटलं, हे तर दुखतं! आधीचं बरं होतं. जिकडे पाहावं तिकडे ती. तिचं एक जुनं लुगडं आहे, माय त्यात डाळ बांधून ठेवते, तेही बघवत नाही.

वैद्य एवढ्या मोठ्यानं हसले की पलीकडचा न्हावी डोकावला.

"पाय मुका झाला अन् मंग जागा होऊन राह्यला, तं मुंग्या येतेतच. येऊ दे!"

पौष वद्य ३

बाबांना म्हटलं, अकोल्याला जातो, तिला आणतो. "बायकोच्या मांगं कोनी धावते काय? तिचे मायबाप पोचवून देतीन. नाई दिली तं दुसरी करू." — दुसरी करू! बैल बदलल्यासारखं.

वखारीत साहेबाचे दिवाणजी म्हणाले, ऐन हंगामात रजा मागतोस? काटा दुसऱ्याला देईन. "द्या," म्हटलं. शालिकराम तोंड उघडं टाकून पाहत राहिला. मलाही घरी येईपर्यंत पटत नव्हतं की हे मीच बोललो.

पौष वद्य ६. मूर्तिजापूर

कापसाच्या गाडीवर बसून आलो. वाटेत आगगाडीसाठी मातीचे भराव टाकून राहिलेत. गाडीवान म्हणाला, एकदा ती सुरू झाली की अमरावतीहून सकाळी निघालेला माणूस अकोल्यात दुपारी जेवेल. आजच असती तर!

काय बोलू तिच्याशी? ती खळखळून हसायची, अगदी आरंभी. तसं हसणं ऐकलं तरी बास. मी दारात उभा राहीन आणि ती आतून हसत येईल.

पौष वद्य ८. अकोला

ती हसत आली नाही. आलीच नाही.

सासरेबुवा केशवराव मळ्यात होते. मोर्णा नदीच्या काठी त्यांचा फुलांचा लहानसा तुकडा. कापसाला पुरणार नाही एवढा, म्हणून अजून फुलंच आहेत. सासूबाई पार्बताबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं आणि हळूच म्हणाल्या, "पाहुने, तुमीच पाहा. दिवाईपासून अशीच हाय. खात नाई, बोलत नाई. आमाले वाटलं तुमी मारता."

परसात भिंतीला टेकून बसली होती. मी समोर बसलो. तिनं पाहिलं. तो चेहरा मी ओळखतो. वखारीच्या हौदातल्या पाण्यात रोज पाहायचो.

"जेवलीस?"

"जेवली."

"कसं होतं?"

"चव लागत नाई."

पौष वद्य १०

तिला पहाटे उठवलं. मळ्यावर नेलं. हातात खोरं दिलं, पाणी वळवायला लावलं. दोन दिवस असं केलं. पार्बताबाईंना सांगितलं, हिला एकटीला जेवू देऊ नका. आज पाण्यात उभी असताना ती रडायला लागली. आवाज न करता.

"हे तुमचं हाय," म्हणाली. "मायं नोहे. मले कायले थंडीत मारता?"

जुलाब! वैद्यबुवा, तुम्ही ओरडून सांगितलं होतं आणि बहिरा मीच निघालो.

पौष वद्य ११

आज काही करायला सांगितलं नाही. शेजारी बसलो. विचारलं, "तुला लहानपणी काय आवडायचं?" आणि थांबलो. भिंतीवरचं ऊन खाली अंगणात उतरलं.

"बाजार," ती म्हणाली.

मग थोडं थोडं आलं. लग्नाआधी मावशीबरोबर अकोल्याच्या बाजारात फुलं घेऊन बसायची. शेवंती, झेंडू. ओरडायची. "एक काजीबुवा येत. रोज मायाशी भांडत, फुलं शियी, कालची हायेत म्हनत, अन् रोज घेऊन जात. एक दिवस मी गेली नाई, तं घरी पुसाले आले — पोट्टी बिमार हाय काय?" ओठाचा एक कोपरा हलला. लगेच गेला.

"तुमच्या घरी आली, अन् मामंजी म्हनाले, शेठाची सून बाजारात बसत नसते. दारात बी उभी राहू नको. दोन सालं मी कोनाशी बोलू? सासूबाई मळ्यात. अन् तुमी..."

पुढचं मला ठाऊक होतं.

पौष अमावास्या

बाजार. टोपली मी उचलली. जावई टोपली घेऊन निघाला म्हणून गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावून पाहत होत्या.

ती बसली. बराच वेळ मान खाली. मी मागे उभा. वाटलं, हेही चुकलं. मग एक बाई आली, शेवंती उचलून नाक मुरडून म्हणाली, "कालची दिसते."

वच्छलेनं मान वर केली. "कालची? पाकळीमांगं पाह्य वं बाई, दव हाय अजून! कालची पाहिजे तं तिकडं जाय, तिथी परवाची बी भेटते!"

बाई हसली. शेजारची भाजीवाली हसली. दुपारपर्यंत टोपली रिकामी, आणि वच्छलेचा आवाज बसला होता ओरडून. घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी मागितली. पार्बताबाई चुलीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या.

माघ शुद्ध ५

ती रोज जाते. संध्याकाळी बाजारातल्या गोष्टी सांगते — आईला, बापाला, शेजारणीला. मी ऐकतो. तिचं हसणं परत आलं आहे, अगदी तेच. पण ते सगळ्यांसाठी आहे. माझ्याकडे वळताना अजून थबकतं. मी इथल्या मोटेवर असतो; पाणी वळवताना तिचा आवाज येईल एवढा बाजार जवळ नाही, तरी कान तिकडेच.

माघ शुद्ध ८

आज म्हणाली, "तुमी कदी जान?"

एवढा रस्ता तुडवून आलो, काटा सोडला, आणि हे. "उद्या," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ती टोपलीतली वाळली पानं झाडत राहिली.

माघ शुद्ध ९

नदीपर्यंत सोबत आली. टोपली कमरेवर. मला वाटलं थांब म्हणेल. म्हणाली —

"मी तिकडं नाई येत. आली तं मंग तशीच होईन." मग माझ्याकडे पाहिलं, सरळ, जशी लग्नाच्या पहिल्या महिन्यात पाहायची. "तुमी परत आले तं राहाले या. पाहुने म्हनून येऊ नका."

आणि गेली. बाजाराची वेळ झाली होती.

माघ शुद्ध १०. मूर्तिजापूर

घरजावई! बाबा तोंड पाहणार नाहीत. शेठाचा एकुलता एक मुलगा सासऱ्याच्या चार वाफ्यांत पाणी वळवतो — सगळी अमरावती हसेल. आणि माय? तिच्याबरोबर बांधावर कोण जेवेल?

धर्मशाळेसमोर एक बाई बोरं विकत होती. ओरडत होती. तिच्याकडून बोरं घेतली, नको होती तरी. तिथंच बसून राहिलो. वच्छले, वच्छले. लिहिण्यासारखं दुसरं काही नाही.

माघ शुद्ध १२. अमरावती

बाबा ओसरीवरच होते. "सून कोठी हाय?"

"बाजारात," मी म्हटलं. "फुलं विकून राहिली."

ते उभे राहिले. माय दारात आली. मी जोडा काढला नाही.

"मी बी चाललो बाबा, तिथी. राहाले. मायले भेटाले आलो होतो."